कराचीचा गोली

मॅनेजर म्हटलं की लोकांना टेबल, घंटी आणि दाराबाहेर स्टुलावर बसलेला शिपाई दिसतो. माझ्याकडे एक गोणपाटाची पिशवी होती. तिच्यात दोन फुटबॉल, घोट्याला बांधायच्या पट्ट्या, आयोडिनची बाटली, चरबीचा डबा आणि बॉलची वादी ओवायचा दाभण. पिशवी सायकलच्या हँडलला अडकवायची आणि संध्याकाळचा भोंगा झाला की ग्राउंड गाठायचं. पन्नासच्या दशकात पिंपरीतल्या एका कारखान्याच्या फुटबॉल टीमचा मी मॅनेजर होतो. दिवसभर स्टोअरमध्ये नट-बोल्ट आणि पट्टे मोजून द्यायचे, ही माझी पोटाची नोकरी. पण आज म्हातारपणी कुणी विचारलं, तुम्ही काय करत होता, तर तोंडात पहिला शब्द येतो तो फुटबॉलचा.

मी मूळचा चऱ्होलीचा. आमच्याकडे पोरगं अंगाने भरलं की तालमीत घालायची रीत. मी भरलोच नाही, म्हणून सुटलो. महायुद्ध संपत आलं होतं तेव्हा देहूरोडच्या मिल्ट्री डेपोत हमालीला लागलो. तिथले मद्रासी जवान संध्याकाळी अनवाणी खेळायचे. त्यांना एक माणूस कमी पडला की मला बोलवायचे. त्यांच्यात राहून मी खेळलो कमी आणि बघितलं जास्त. पुढे पिंपरीला कंपनी आली, मी स्टोअरमध्ये चिकटलो, आणि लेबर ऑफिसर देशमुखसाहेबांनी एकदा सगळ्यांना विचारलं, “फुटबॉलचे नियम कुणाला येतात?” मी हात वर केला. तेवढ्यावर मी मॅनेजर झालो.

ज्यांनी हा खेळ रेडिओवरच ऐकलाय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पुण्याच्या लीगमध्ये तेव्हा दोन पायऱ्या होत्या. वरच्या पायरीवर मिल्ट्रीच्या, पोलिसांच्या आणि जुन्या क्लबांच्या टीमा. त्यांना बूट होते, गोलाला जाळी होती आणि बघायला लोक यायचे. खालच्या पायरीवर आम्ही, म्हणजे कारखाने, कॉलेजची पोरं, एखाद्या पेठेचं मंडळ. आमच्यातले निम्मे अनवाणी. तेव्हा बदली खेळाडू नसायचा. पाय मोडला तरी उरलेल्या दहांनी मॅच संपवायची. गोली उडी मारून बॉल धरत असताना समोरच्या टीमचा माणूस त्याला खांद्याने धक्का देऊ शकत होता, तो गुन्हा नव्हता. आणि बॉल कातड्याचा. ओला झाला की धोंड्यासारखा जड. वरची वादी नीट आवळली नसेल तर डोक्याने मारणाऱ्याच्या कपाळावर तिचा वळ उठायचा. म्हणून आदल्या दिवशी बॉलला चरबी चोळून उन्हात ठेवायचं काम माझं. फोरमनच्या हातापाया पडून पोरांच्या शिफ्टा बदलून घेणं माझं. मॅचला जायला ट्रक मागणं, रेफ्रीला चहा पाजणं, हरल्यावर परतीच्या वाटेत कुणीतरी गाणं म्हणेल अशी व्यवस्था करणं, हेही माझंच.

आमचं ग्राउंड पवनेच्या अंगाला होतं. कंपनीच्या मालकीची पडीक जमीन. एका बाजूला जरा उतार होता, त्यामुळे पहिल्या अर्ध्यात आम्ही नेहमी चढाकडे खेळायचो आणि दुसऱ्या अर्ध्यात उतारावरून सुटायचो. पाहुण्या टीमांना हे उशिरा कळायचं. पिंपळे सौदागरच्या म्हशी तिथे चरायच्या. प्रॅक्टिसच्या आधी आम्ही शेण उचलायचो आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

एकदा पिंपरीत तंबूतल्या सिनेमाला गेलो होतो. सिनेमाच्या आधी बातमीपट लागला आणि त्यात दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्याशा टीमची झलक आली. एवढीशीच. पण ते लोक बॉल उंच मारतच नव्हते. जमिनीवरून, जवळच्या जवळ, शेजाऱ्याला चहाचा कप द्यावा तसा द्यायचे. मी दुसऱ्या दिवशी परत गेलो, तिसऱ्या दिवशी परत. सिनेमा कसला होता ते आता आठवत नाही. पोरांना म्हटलं, “आजपासून बॉल गुडघ्याच्या वर गेलेला मला चालणार नाही.”

पांडबा म्हणाला, “मास्तर, मंग आमी कशासाठी हाय?”

पांडबा माझ्याच गावचा. तालमीतला गडी, फाउंड्रीत कामाला. मानेची आणि खांद्याची फट दिसायची नाही असा. त्याच्या किकला दिशा नव्हती, पण बॉल नदीपलीकडे जायचा. मी त्याला मागे बॅक म्हणून ठेवलं होतं. एका मॅचला समोरच्या टीमच्या फॉरवर्डने त्याला खांदा मारला. पांडबाने त्याला ढाक लावून आडवा केला आणि छातीवर बसला. रेफ्रीने शिट्टी वाजवून पेनल्टी दिली तेव्हा पांडबा मला विचारतो, “पाठ टेकली त्याची. निकाल माझ्या बाजूला पायजे.” त्याला समजावण्यात माझा एक अख्खा हंगाम गेला.

पण मला सांगायचं आहे ते लखूबद्दल.

फाळणीनंतर पिंपरीला सिंधी निर्वासितांची वसाहत बसली. बराकी, पत्र्याच्या खोल्या, नळावर रांगा. त्यातली पोरं सायकलवरून पापड, बनियन, कंगवे विकत फिरायची. एका संध्याकाळी आमच्या पांडबाने मारलेला बॉल ग्राउंड सोडून रस्त्याकडे गेला. रस्त्यावरून एक उंच, हडकुळा माणूस सायकलवर बनियनचं गाठोडं घेऊन चालला होता. त्याने सायकल सोडली. ती पडली, गाठोडं सुटलं. तो आडवा झेपावला आणि बॉल दोन्ही हातांनी छातीशी घेऊन मातीत पडला. उठला, बॉल पुसला, आणि तिथून हाताने असा फेकला की माझ्या पायाशी येऊन थांबला.

मी विचारलं, “कुठे खेळत होता?”

“कराची,” तो म्हणाला.

एवढंच बोलला आणि बनियन गोळा करायला लागला.

देशमुखसाहेबांना सांगून त्याला पॅकिंगमध्ये लावला. लखूमल त्याचं नाव, आमचा लखू. गोलात उभा राहिला की त्याच्या चेहऱ्यावरून काही कळायचं नाही, पण बॉल कुठे येणार हे त्याला आधी समजायचं. मला तो ‘साईं’ म्हणायचा. मराठी त्याने आमच्यात राहून उचललं, त्यामुळे बोलताना निम्मं सिंधी-हिंदी आणि निम्मं पांडबाचं. घरी म्हातारी आई. वडील इकडे आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात गेले. प्रॅक्टिस संपली की सगळे घरी जायचे आणि हा गोलाच्या बांबूला टेकून थोडा वेळ उभा राहायचा. मी कधी विचारलं नाही.

लखू आल्यावर आम्ही हरायचं विसरलो म्हणालो तर खोटं होईल. पण गोल खाणं कमी झालं, आणि ते जमिनीवरून बॉल देणंही पोरांना हळूहळू जमायला लागलं. आमचा सेंटर फॉरवर्ड अँथनी देहूरोडहून यायचा. मद्रासी ख्रिश्चन, डेपोतल्या एका जवानाचा मुलगा. त्याच्या पायात बॉल आला की आमच्या काळ्या मातीत सुद्धा वाटायचं, आता काहीतरी चांगलं घडणार. एका हंगामात आम्ही शेवटच्या मॅचपर्यंत वरच्या दोनांत राहिलो. शेवटची मॅच पुण्याच्या एका जुन्या मंडळाशी. बरोबरी झाली तरी आम्ही वरच्या पायरीवर जाणार होतो.

देशमुखसाहेबांनी मला बोलावून घेतलं. ते स्वतः कॉलेजात खेळलेले, मनाने आमच्या बाजूचे. म्हणाले, “बाबुराव, वरच्या लोकांना ग्राउंडच्या जागेवर नवी शेड घालायची आहे. मी अडवून धरलंय. टीम फर्स्ट डिव्हिजनला गेली तर मला बोलायला तोंड राहील. कंपनीचं नाव पेपरात आलं की मग ग्राउंडला कुणी हात लावत नाही. नाही गेली, तर मी काय सांगू त्यांना?”

मी ते पोरांना सांगितलं. लपवण्यासारखं नव्हतं. त्यानंतर प्रॅक्टिसला कुणी उशिरा आलं नाही.

मॅचच्या आधीच्या आठवड्यात लखूच्या हातून बॉल सुटायला लागले. सरळ छातीवर आलेले. तिसरा सुटला तेव्हा मी प्रॅक्टिस थांबवून त्याला बाजूला घेतलं. “हाताला लागलंय का?”

“नाय, साईं.”

“मग?”

तो खाली बसून गवत उपटायला लागला. मग म्हणाला, “कराचीची टीम आलीय हिंदुस्तानात. मुंबईला खेळली. आता पुण्याला एक मॅच आहे त्यांची, मिल्ट्रीशी. त्यात मुराद आहे.”

मुराद कोण ते त्याने मग सांगितलं. कराचीत लखू गोलात असताना मुराद त्याच्या पुढे बॅक खेळायचा. बलुची, गोदीत काम करणारा. दोघं लहानपणापासून एका मैदानावर. दंगल सुरू झाली आणि लखूच्या घरच्यांनी बोटीने निघायचं ठरवलं, तेव्हा बंदरापर्यंत टांगा मुरादने आणला. टांगेवाल्याच्या शेजारी तो पुढे बसला, कारण रस्त्यात त्याला सगळे ओळखत होते आणि तो बसला असताना टांग्याला कुणी अडवणार नव्हतं. बंदरावर पोचल्यावर बोलायला वेळ मिळाला नाही. गर्दीने लखूला वर ढकललं आणि वळून बघितलं तेव्हा मुराद दिसला नाही.

“कधी आहे मॅच?” मी विचारलं.

“शनिवारी.”

आमची मॅचही शनिवारीच होती, त्याच वेळी, पुण्याच्या दुसऱ्या टोकाला.

“रविवारी भेट की.”

“रविवारी दुपारी ते मुंबईला जाणार. तिथून बोट. आणि ते लोक उतरतात तिथे आत कुणी जाऊ देत नाय. मॅच झाल्यावर मैदानातच भेटलं तर भेटलं.” मग त्याने माझ्याकडे बघितलं. “साईं, मी सुट्टी मागत नाय. मी खेळणार. तुम्ही विचारलं म्हणून बोललो.”

मी सायकल काढून पुण्याला गेलो. लीगचे सेक्रेटरी कॅम्पात राहायचे. भले गृहस्थ, पण नियमाचे. मी मॅच एक दिवस पुढे घ्या म्हणालो आणि खरं कारणही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “उद्या दुसऱ्या टीमच्या गोलीचा मेव्हणा येईल. मी कुणाकुणासाठी लीग थांबवू?” त्यांचं चुकत नव्हतं. परत येताना खडकीपासून वारा तोंडावर होता आणि मी सगळ्या वाटेत एकच हिशेब करत होतो. लखू असला तर आम्ही गोल खाणार नाही. गोल खाल्ला नाही तर ग्राउंड राहील. लखूच्या मुरादला या हिशेबात बसवायला जागा सापडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी लखूला मी स्टोअरच्या कामाला मागे ठेवलं आणि बाकीच्यांना ग्राउंडवर गोल बसवून सगळं सांगितलं.

मग अँथनी म्हणाला, “मास्तर, ग्राउंड गेलं तर टीम गेली. मग लखू तरी कुठे उभा राहणार?”

बरोबर होतं त्याचं. तोही देहूरोडहून सायकल हाणत यायचा ते याच जमिनीसाठी.

पांडबा मांडी घालून बसला होता. खाली बघत म्हणाला, “माझा थोरला भाऊ मुंबईला गिरणीत हाय. दिवाळीला येतो. यायच्या आदल्या दिवशी आमची आय धा येळा वाटंकडं बघती. ह्यो कराचीचा गडी पुन्यांदा कवा येनार? मी ऱ्हातो गोलात.”

“तू?” अँथनी म्हणाला.

“आडवा तर ऱ्हाईन.”

हसले सगळे, पण अँथनी हसला नाही. थोड्या वेळाने उठून त्याने माती झटकली आणि मला म्हणाला, “तुम्ही ठरवा. तुम्ही मॅनेजर. ठरवलं की मी पुन्हा बोलणार नाही.” आणि खरोखर तो त्याबद्दल पुन्हा कधी बोलला नाही.

मी ठरवलं. लखूला सांगितलं तेव्हा तो नाही म्हणाला, भांडला, शेवटी रागावला सुद्धा. मी म्हणालो, “टीममध्ये कुणाला घ्यायचं ते मी बघतो. शनिवारी तू टीममध्ये नाहीस.”

उरलेले दिवस लखूने पांडबाला शिकवण्यात घालवले. कोनात कसं उभं राहायचं, पुढे कधी यायचं. पांडबाचं शरीर त्याला साथ देईना. उडी मारली की तो तालमीतल्यासारखा दोन्ही पायांवर खाली यायचा आणि जमीन हादरायची. लखू न थकता म्हणायचा, “बॉलकडे बघ. माणसाकडे नको बघू.”

शनिवारी पाऊस नव्हता, पण मैदान आदल्या दिवसाच्या पावसाने भिजलेलं होतं. त्या मंडळाला आमचा गोली बदललाय हे दिसताच त्यांनी लांबून लांबून मारा सुरू केला. पांडबाने पहिला बॉल पोटाने अडवला. दुसरा मांडीने. तिसऱ्याला त्याने नुसता हात आडवा घातला आणि बॉल बांबूला लागून बाहेर गेला. मी आयुष्यात अनेक गोली बघितले, पण इतकं कुरूप आणि इतकं जिद्दीचं गोलरक्षण बघितलं नाही. त्यांच्या फॉरवर्डने त्याला दोनदा खांद्याने हाणलं. पांडबाचे हात वर आले, आणि मग त्याने ते खाली घेतले. एवढं बघून मला वाटलं, माझी मॅनेजरकी फुकट गेली नाही.

पुढे अँथनीला दोन संधी मिळाल्या. एकीत बॉल चिखलात अडकला. दुसरी त्याने बातमीपटातल्या लोकांसारखी घेतली, दोघांना चुकवून, अगदी जमिनीलगत, आणि त्यांच्या गोलीच्या बोटाला लागून ती बाहेर गेली.

मॅच बरोबरीत संपत आली होती. उजव्या कडेने एक उंच बॉल आला. पांडबा पुढे निघाला, अर्ध्यात थांबला, मागे वळला. ओला, जड बॉल त्याच्या बोटांवरून सरकून आत गेला. जाळी नव्हतीच. बॉल मागे रस्त्यापर्यंत गेला आणि तो आणायला पांडबाच धावला.

एका गोलने आम्ही हरलो. परतीच्या ट्रकमध्ये कुणी गाणं म्हणालं नाही. पांडबा कोपऱ्यात डोक्यावर टॉवेल घेऊन बसला होता. खडकीच्या पुढे आल्यावर अँथनी सरकत सरकत त्याच्या शेजारी गेला आणि त्याने टॉवेलवरूनच त्याच्या मानेवर हात ठेवला. पिंपरी येईपर्यंत तो हात तिथेच होता.

रविवारी सकाळी मी ग्राउंडवर गेलो. काम काही नव्हतं. सवयीने गेलो. पांडबा आणि अजून दोघं-तिघं आधीच येऊन बसले होते, तेही सवयीनेच. तेवढ्यात मुंबई-पुणे रस्त्यावर टांगा थांबला आणि त्यातून तिघं उतरले. लखू, एक रुंद खांद्याचा, कुरळ्या केसांचा सावळा माणूस, आणि मागून साध्या कपड्यातले एक पोलीस. पाहुण्याला बारा वाजेपर्यंतची परवानगी मिळाली होती आणि हे सोबतीला दिलेले होते. साताऱ्याकडचे निघाले. बाभळीच्या सावलीत बसत ते मला म्हणाले, “चालू द्या तुमचं. येळ झाला की मी सांगतो.”

मुराद ग्राउंडच्या मधोमध जाऊन उभा राहिला. चारी बाजूंना बघितलं, टाचेने माती दाबून बघितली. मग चपला काढल्या. मी बॉल पिशवीतून काढून त्याच्याकडे टाकला. लखू गोलात गेला.

किती वेळ ते खेळत होते मला सांगता येणार नाही. मुराद मारायचा, लखू अडवायचा. दोघं सिंधीत एकमेकांना काहीतरी म्हणायचे आणि मुराद मोठ्याने हसायचा. मला एक शब्द कळत नव्हता. एवढं मात्र दिसत होतं की मी ज्याला ओळखत होतो तो लखू वेगळा होता. माझा लखू गप्प असायचा. हा बडबड्या होता, बॉल सुटला तर शिवी घालायचा, धरला तर नाचायचा. इतकी वर्षं त्याचं हे निम्मं अंग आम्ही बघितलंच नव्हतं. मला आनंद झाला आणि मनात कुठेतरी दुखलंही.

मग मुरादने विचारलं, “कल गोल में कौन खड़ा था?”

लखूने पांडबाकडे बोट केलं. पांडबा उठून उभा राहिला, शाळेत उठतात तसा. मुराद त्याच्यापाशी आला, त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि तसाच उभा राहिला. पांडबा म्हणाला, “न्हाई जमलं, पाव्हनं.” मुरादला ते समजलं असावं. त्याने मान हलवली आणि हात सोडले नाहीत.

तोवर वसाहतीत बातमी पोचली होती. कराचीहून माणूस आलाय. आधी दोन-चार म्हातारे आले, मग बायका आल्या, कडेवर पोरं, हात पिठाचे तसेच. बघता बघता मुरादभोवती गर्दी झाली. लखूची आईही आली. ती मुरादच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. मग एकेकजण विचारायला लागला. लखू माझ्या शेजारी उभा राहून मला सांगत होता. हा विचारतोय, अमुक गल्लीतलं दुमजली घर आहे का. ती विचारतेय, विहिरीजवळचं कडुलिंबाचं झाड. हे मास्तर होते, ते विचारतायत शाळा चालू आहे का. मुराद प्रत्येकाचं नीट ऐकून घ्यायचा, डोळे मिटून आठवल्यासारखं करायचा आणि सांगायचा. आहे. झाड आहे, मोठं झालंय. शाळा भरते. घराला रंग दिलाय.

लखूच्या आईने सगळ्यात शेवटी आपल्या घराचं विचारलं.

मुराद तिला म्हणाला, दार तेच आहे, हिरवं. कडीही तीच. म्हातारीने पदर तोंडाला लावला. रडली नाही. शेजारणीकडे वळून तिने तेच पुन्हा सांगितलं, दार हिरवं आहे म्हणून.

पोलिसांनी घड्याळाकडे बघितलं. आम्ही टांग्याकडे निघालो. लखू टांगेवाल्याशी बोलायला पुढे झाला तेव्हा मुराद आणि मी क्षणभर मागे राहिलो. मला राहवलं नाही. माझ्या मोडक्या हिंदीत मी विचारलं, “इतने सब घर आपने देखे हैं?”

तो म्हणाला, “मैं गोदी का आदमी हूं, साहब. उधर के आधे मोहल्लों में मेरा जाना ही नहीं हुआ.”

“फिर?”

“इतनी दूर से किसी का घर गिराने थोड़े ही आया हूं.”

आम्ही थोडं चाललो. मी विचारलं, “और लखू का?”

मुराद थांबला. पुढे लखू टांग्याच्या दांडीला हात लावून हसत उभा होता. “वो देखा है,” तो हळू म्हणाला. “वो अब नहीं है. वहां गोदाम बन गया. अम्मा से वही एक बात कहना मुश्किल था.”

तो टांग्यात बसला. या खेपेला लखू पुढे टांगेवाल्याशेजारी बसला, स्टेशनापर्यंत पोचवायला.

पुढच्या उन्हाळ्यात ग्राउंडवर शेड उभी राहिली. देशमुखसाहेब माझ्यापुढे यायला वर्षभर अवघडायचे. मी त्यांना कधी बोल लावला नाही. त्यांनी जमेल तेवढं केलं होतं. टीम दोन हंगाम इकडे-तिकडे मागून घेतलेल्या जागांवर खेळली आणि मग विरली. अँथनी बंगलोरला गेला. पांडबा फोरमन झाला, निवृत्त झाला, चऱ्होलीला शेतावर असतो. शेतातल्या कामगारांना अजून सांगतो की त्याने एकदा गोल राखला होता. निकाल सांगत नाही.

मी वरच्या पायरीवर एकही मॅच खेळवली नाही. तेव्हा वाटायचं, पुढच्या वर्षी. बसमधून त्या शेडवरून जाताना मी अजून नदीच्या बाजूला बघतो. उतार तेवढा उरलाय, पावसाचं पाणी अजून त्याच दिशेला धावतं. कधी कधी वाटतं, एकदा, एकच संध्याकाळ, ती सगळी पोरं त्या उतारावरून खाली येताना दिसावीत, बॉल जमिनीलगत, गुडघ्याच्या खाली.

लखूचं आता पिंपरीच्या बाजारात कापडाचं दुकान आहे. त्याची आई पुष्कळ जगली आणि शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला हिरव्या दाराबद्दल सांगत राहिली. मुरादची पत्रं काही वर्षं येत होती, मग लढाई झाली आणि ती थांबली. मी महिन्यातून एकदा दुकानात जातो. लखू चहा मागवतो, पंखा माझ्याकडे वळवतो.

परवाही गेलो होतो. चहा झाल्यावर तो म्हणाला, “साईं, या वर्षी पासपोर्टचं बघतोच. दोघं जाऊ. मुराद असला तर भेटेल. नसला तर निदान ते दार बघून येऊ.”

दरवर्षी म्हणतो.

मी म्हणतो, “जाऊ की.”